तीन वाजताची बैठक

नंदुरबार, अमळनेर, जळगावकडून भुसावळच्या गाडीनं आलेली माणसं सुरतेत उधन्याला उतरत आणि दोन दिवसांत एखाद्या मागावर उभी राहत. आम्हा खानदेश्यांची वस्ती लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत. पावसाळ्यात मीठी खाडी फुगली की पाणी ओट्यावर यायचं. गटार तुंबली तर थोरली पोरं काठीनं मोकळी करायची. गल्ली अशीच असते, असं तेव्हा सगळे धरून चालायचे, आणि मला वाटतं खरी अडचण तीच होती.

ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठी दिसल्या. सप्टेंबरात तापीचा पूर ओसरत होता, तोच सुरतेत वेड रोडकडून फुप्फुसाच्या प्लेगच्या बातम्या आल्या. चार-पाच दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं, माग थांबले, खानदेशाकडच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. तोंडाला रुमाल बांधलेली ती गर्दी ज्यांनी पाहिली, त्यांना 'सुरतेचं जेवण, काशीचं मरण' ही जुनी म्हण पुढे बरीच वर्षं तोंडावर आणवली नाही.

मे 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी काय केलं हे सांगताना लोक बेकायदा बांधकामांची पाडापाडीच सांगतात, कारण ती डोळ्यांना दिसली. मला मोठं वाटतं ते न दिसणारं काम. शहराच्या सहा झोनच्या प्रमुखांना त्यांनी आयुक्तांचे अधिकार दिले, म्हणजे एका गटारीच्या दुरुस्तीसाठी कागद मुख्यालयापर्यंत फिरायचा थांबला. अधिकाऱ्यांनी सकाळी रस्त्यावरच असायचं. 'एसी ते डीसी' असं त्याला नावच पडलं, वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामाकडे. आणि दुपारी तीनला बैठक. सकाळी कुठे कचरा पडून होता, कुठे पाणी गढूळ आलं, कोणत्या भागात तापाचे रुग्ण वाढले, हे त्याच दिवशी समोर यायचं. काल ठरलेलं झालं का, याचा जाब आज द्यावा लागायचा.

मागावरच्या माणसाला हे पटकन कळतं. ताण्याची तार तुटल्याक्षणी माग थांबवला तर एक गाठ मारून भागतं. तपासणीच्या टेबलावर दोष सापडेपर्यंत अख्खा ताका वाया गेलेला असतो. 1950 पासून जपानी उद्योगांना गुणवत्तेचं शास्त्र शिकवणारे डेमिंग आयुष्यभर हेच सांगत राहिले की बहुतेक दोष कामाच्या पद्धतीत असतात, कामगाराच्या माथी मारून ते जात नाहीत. सुरतेत त्याचा पडताळा आला. झाडू मारणारे हात बहुतेक तेच होते. 1996 साली याच शहराला 'इंटॅक' या संस्थेनं चंदीगडखालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. प्लेगला दोन वर्षंच झाली होती.

राव यांची बदली झाली तेव्हा आता पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, अशी भीती होती. ती खरी ठरली नाही. एस. जगदीशन आले आणि घडी टिकली. चांगला अधिकारी नशिबानं मिळतो. तो गेल्यावरही काम चालतं तेव्हा सुधारणा मुरली म्हणायची.

आज बाजारपेठांचे रस्ते रात्री झाडले जातात, घराघरांतून कचरागाडी फिरते, तक्रार मोबाइलवर जाते आणि नियंत्रण केंद्रातल्या पडद्यावर शहर दिसतं. बमरोलीचा प्रकल्प 2014 पासून सांडपाणी शुद्ध करतो. रोज चार कोटी लिटर एवढी त्याची क्षमता, आणि ते पाणी जातं पांडेसऱ्याच्या कापड गिरण्यांना, जिथे आमची अर्धी आळी कामाला आहे. जानेवारी 2024 मध्ये देशातल्या स्वच्छ शहरांत इंदूरच्या बरोबरीनं सुरत पहिली आली, तेव्हा लिंबायतमध्ये पेढे वाटावेसे वाटले.

तरी राव यांच्या दिवसांची आठवण येते ती सकाळी गल्लीत चिखल तुडवत आलेल्या अधिकाऱ्याची. बायका ओट्यावरूनच त्याला सांगायच्या, साहेब, नळाला वास येतोय. पडद्यावर वास येत नाही. नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला पहिले काही आठवडे खाडीकाठच्या गल्ल्यांतून पायी फिरवावं, असं मला मनापासून वाटतं, आणि दुपारी तीनला त्यानं पाहिलेलं सगळं त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावं.