नगरचं मिशन

कॅलिफोर्नियातल्या भाच्यानं एका जुन्या स्पॅनिश मिशनचे फोटो पाठवले. पांढऱ्या भिंती, कमानींत टांगलेल्या घंटा, मधोमध कारंजं. खाली प्रश्न : ‘मामा, तुमच्या नगरच्या मिशनात असलं काही आहे का?’ नगर माझं आजोळ. ‘मिशन’ हा शब्द आम्ही फक्त पत्ता सांगायला वापरायचो. मिशन कंपाऊंडवरून पुढे, मग डावीकडे. ते कुणाचं, कधीचं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. पुढच्या शनिवारी शिरूर-सुप्याच्या वाटेनं एसटीत बसलो.

आजोळचं घर कधीच विकलं, म्हणून लॉज. गरम पाणी सहा ते सात, असं पाटीवर लिहिलेलं. नळाला मात्र ते कुणी कळवलेलं नव्हतं. रिक्षावाल्यानं किल्ला आणि चांदबिबीचा महाल दाखवायचा हट्ट धरला. किल्ल्यात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, आणि महाल चांदबिबीचा नसून ती सलाबतखानाची कबर आहे, एवढं सांगून त्याला चर्चकडे वळवलं.

कारंजं नाहीच. तिकडे कॅलिफोर्नियात पाद्र्यांच्या बरोबरीनं स्पेनच्या राजाचे शिपाई असत. इकडे १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तर कंपनी सरकारनंच त्यांना ‘चालते व्हा’ म्हटलं. ते चिवटपणे राहिले. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, आणि पहिल्या तिघांतला हर्वी पुढच्याच वर्षी कॉलऱ्यानं गेला. नावात ‘मराठी’ घातलं होतं, ते या लोकांनी मनावर घेतलं. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं ते इथे, नगरात. पुढे कवी ना. वा. टिळक याच मिशनात आले, आणि ख्रिस्ताची भक्ती अभंगात, कीर्तनात बसली. त्यांच्या नगरच्या घरी ठोमरे नावाचा एक हळवा मुलगा राहायचा, तोच बालकवी. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला इथल्या कुठल्याही जुन्या ओसरीवर बाई भांडताना किंवा हसताना दिसणारच. मी अर्धा तास तसाच बसून राहिलो आणि दुपारचं जेवण चुकलं.

संध्याकाळी एका निवृत्त प्राध्यापकांना गाठलं. चहा यायच्या आत वाद सुरू.

“सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग इथंच घेतलं, फरारबाईंकडं. पुस्तकापुस्तकांत आहे.”

“पुस्तकांत आहे, सर. पण त्या काळचा कागद?”

“कागद सापडला नाही म्हणून घडलं नाही, असं कुठं असतंय का?”

“घडलं नाही असं मी कुठे म्हणतोय? पण जोतीरावांनी स्वतः सांगितलेलं आहे, ते आधी धरू या.”

१८५३ सालच्या सप्टेंबरात ‘ज्ञानोदया’त जोतीरावांचं निवेदन आलं. नगरला मित्राबरोबर येऊन फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, आणि पुण्यात जाऊन आपण मुलींची शाळा काढली, असं त्यात आहे. भिडेवाड्याच्या पायातला एक दगड नगरचा, हे म्हणायला मला एवढं पुरतं. सावित्रीबाईंचं मोठेपण प्रशस्तिपत्रावर थोडंच टेकलंय? सरांना हे पटलं नाही. चहा मात्र दुसऱ्यांदा मागवला.

सिंथिया फरार १८२७ साली बोस्टनहून निघाली. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डानं समुद्रापार पाठवलेल्या पहिल्या अविवाहित बायकांपैकी ही एक. १८३९ पासून ती नगरला मुली शिकवत होती. रविवारी सकाळी, उपासनेतून येणारा मराठी भजनाचा सूर ऐकून झाल्यावर, फाटकावरच्या माणसाला तिच्याबद्दल विचारलं.

“फरारबाई? कुठल्या वर्गाला आहेत?”

भाच्याला फाटकाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं : कारंजं नाही. बाई १८६२ साली इथंच वारल्या.