हेडा कुणाचा?

हार्लेमचा चित्रकार कॉर्नेलिस हेडा काही केल्या डोक्यातून जात नाही. आधी प्रागला सम्राट रुडॉल्फच्या पदरी, मग इराणची वाट, मग गोवा, आणि १६१०च्या सुमारास विजापुरात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी. सोलापूरहून विजापूर जेमतेम शंभर किलोमीटर. शाळेच्या सहलीत गोलघुमटात ओरडून आलो, मुलूख मैदान तोफेला हात लावून आलो. हेडाचं नाव कुणी काढलं नाही.

पिकतं तिथं विकत नाही, म्हणतात. हार्लेमात चित्रकार उदंड पिकत होते, म्हणून हा बाहेर पडला असेल? असेलही. इब्राहिमानं त्याच्याकडून व्हीनस, बॅकस, सेरेस या रोमन देवतांचं चित्र करवून घेतलं, म्हणजे परक्या बाजारात माल खपला. पण विजापुरातलं त्याचं एकही चित्र आज ओळखता येत नाही. उरली ती डच ईस्ट इंडिया कंपनीला लिहिलेली पत्रं. उलट त्याच आडनावाचा विलेम हेडा हार्लेमातच बसून कलंडलेला चांदीचा पेला आणि अर्धवट सोललेलं लिंबू रंगवत राहिला, आणि आज तो अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. जिथं पिकलं तिथंच टिकलं की! म्हणीला विकण्याचंच तेवढं कळतं.

डेबोरा हटन आणि रेबेका टकर या दोघींनी मिळून २०१४ साली या हेडावर लिहिलं. एकीचा अभ्यास विजापूरचा, दुसरीचा नेदरलँड्सचा. एका माणसाचा माग काढायला दोघी लागल्या, तेही चित्रं हाताशी नसताना. मला त्यांचा हेवा वाटतो, थोडी धास्तीही.

बरं, म्हण सोलापूरला लावून पाहावी, तर इथं चादर पिकते आणि इथंच धडाक्यात विकतेही. आलेला पाहुणा ती घेतल्याशिवाय परतत नाही. मागावर जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ सरकत असते. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि तेवढ्यावर मोरपीस उमटतं. हे यंत्र ल्योंच्या जाकारचं, १८०४चं. विणणारे बरेचसे तेलुगू पद्मशाली. भौगोलिक मानांकन सोलापूरचं. मग ही चादर युरोपच्या कलेतिहासात धरायची का? हसू येतं खरं, पण विजापुरात बसून रोमन देव रंगवणारा हेडा तिथं चालतो, तर हिनं काय घोडं मारलंय?

हेडा युरोपचा, एवढं तरी मी आजवर धरून चाललो होतो. आता चादर आपली म्हणतानाही जीभ अडखळते.