पंधरा ऑगस्टची प्रतीक्षा

नवी दिनदर्शिका हाती आली की घरातील वडीलधारी माणसे सणवार पाहतात, मुले सुट्ट्या मोजतात आणि आम्ही क्रीडावेडे सामन्यांच्या तारखांवर खुणा करू लागतो. २०२६ च्या दिनदर्शिकेत अशा खुणांना तोटा नाही. ११ जूनपासून अमेरिका, कॅनडा व मेक्सिको येथे ४८ संघांची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा. जुलैच्या उत्तरार्धात ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा. सप्टेंबरात जपानमध्ये आशियाई स्पर्धा. तरीही आमची नजर थबकते ती १५ ऑगस्टवर. त्या दिवशी नेदरलँड्स व बेल्जियम येथे हॉकीची विश्वचषक स्पर्धा सुरू होते. स्वातंत्र्यदिन आणि पवित्र मरियेच्या स्वर्गउन्नयनाचा सण यांनी आधीच आपला केलेला हा दिवस, यंदा तिसऱ्या कारणानेही आपला ठरतो.

इतके खेळ असताना हॉकीच का, असे आमची मुले विचारतात. याचे उत्तर काही नावांत आहे. लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ. धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा नोंदवहीतली वाटावीत अशी ही नावे १९४८ च्या भारतीय ऑलिम्पिक संघातील आहेत. त्या वर्षी १२ ऑगस्टला लंडनमध्ये ब्रिटनचा ४-० असा पराभव करून स्वतंत्र भारताने आपले पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळविले. मुंबईच्या मैदानांनी घडविलेली ही माणसे होती. १९८० च्या मॉस्को सुवर्णपदकातही मुंबईच्या मर्विन फर्नांडिस यांचा वाटा होता.

विश्वचषक मात्र भारताच्या हाती एकदाच आला. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूर येथे अजितपाल सिंग यांच्या संघाने पाकिस्तानला २-१ असे नमविले. निर्णायक गोल ध्यानचंद यांचे पुत्र अशोककुमार यांचा. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हा खेळ कृत्रिम हिरवळीवर गेला आणि भारत सातव्या स्थानावर घसरला. नवी हिरवळ वेग व ताकद मागत होती, शिवाय ती महाग होती. चर्चच्या आवारात आणि शाळेच्या मातीत हॉकीस्टिक धरणाऱ्या मुलांना ती कोठून मिळणार? हळूहळू आपल्या वस्त्यांतून स्टिकांचा खटखटाट मावळत गेला.

तो पूर्ण विझला नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. १९७५ च्या त्या संघात मायकेल किंडो होते, झारखंडच्या सिमडेगा भागातील आदिवासी ख्रिस्ती खेळाडू. सिमडेगा व ओडिशातील सुंदरगढ येथे आजही गावोगावी सामने रंगतात आणि विजेत्या संघाला बक्षीस म्हणून चक्क बोकड मिळतो! त्याच सिमडेगाच्या सलीमा टेटेकडे २०२४ साली भारतीय महिला संघाचे कर्णधारपद आले. गरिबीने तेथील खेळ थांबविला नाही, मग आपल्या मोकळ्या अंगणांना काय अडचण आहे?

पुरुष संघाने टोकियो व पॅरिस अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक कांस्यपदके आणली. २०२३ चा विश्वचषक मायदेशी असूनही न्यूझीलंडने शूटआउटमध्ये आपल्याला उपांत्यपूर्व फेरीआधीच बाहेर काढले. सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीरच्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ४-१ असे हरवून भारताने २०२६ चे प्रवेशपत्र मिळविले. आशा अशी पडत-उठतच पुढे येते.

दरवर्षी आगमनकाळ आपल्याला एकच धडा देतो: वाट पाहणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे, घर झाडून ठेवणे होय. करिंथकरांना लिहिताना संत पौलाने शर्यतीतील धावपटूचा दाखला दिला, तो त्याच्या कठोर तयारीसाठी. ती तयारी केवळ खेळाडूंनी करावयाची आणि आपण टाळ्या वाजवावयाच्या, एवढ्यावर भागणार नाही.

तेव्हा १५ ऑगस्टच्या मिस्सेनंतर, ध्वजवंदन आटोपल्यावर, धर्मग्रामाच्या सभागृहात मुलांना एकत्र बसवून स्पर्धेची ओळख करून देऊ या. पुढे भारताचे सामनेही तेथेच सर्वांनी मिळून पाहावेत. चषक येईल की नाही, हे आमच्या हाती नाही. सामना संपल्यावर दोन-चार मुलांनी स्टिक मागितली, तर ती देणे मात्र आपल्या हाती आहे.