नेरच्या कापसात चौसष्ट जीबी

अमरावतीहून यवतमाळकडे निघालेली एसटी बडनेरा ओलांडते आणि खिडकीतून तूर-कपाशीचे पट्टे दिसू लागतात, ते नेरपर्यंत संपत नाहीत. डिसेंबरचा पहिला पंधरवडा होता. तूर शेंगांवर आलेली, कपाशीची बोंडं फुटलेली, आणि रस्त्यावरची धूळ खिडकीच्या फटीतून थेट माझ्या मांडीवरच्या बॅगेवर. एका मासिकासाठी वेचणीचे फोटो हवे होते. कपाशी अकोल्यातही आहे, वर्ध्यातही आहे. पण नेरजवळ एका शेतकरी कुटुंबाशी जुनी ओळख होती, म्हणून नेर.

या काळ्या मातीच्या मुलखात निघताना मी एकच बॉडी आणि एकच झूम घेतो, २४-१०५. जोडीला ५० मिलिमीटरची एफ १.८, तीही स्वस्तातली. लोक खांदा मोडेल इतक्या लेन्सा घेऊन येतात आणि शेताच्या बांधावर उभं राहून त्या बदलत बसतात. वाऱ्याबरोबर उडणारी ती मऊ माती एकदा सेन्सरवर बसली की एफ १६ ला काढलेल्या प्रत्येक फोटोत आभाळावर काळे ठिपके येतात. बदलायचीच झाली तर कॅमेरा बंद करावा, वाऱ्याकडे पाठ करावी, बॉडीचं तोंड जमिनीकडे धरावं. साफ करायला रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकर मुळीच मारू नये. धूळ निघते तरी, थुंकीचा डाग निघता निघत नाही.

वाटेत नांदगाव खंडेश्वरला उतरलो. खंडेश्वराचं यादवकालीन हेमाडपंती मंदिर बघितल्याशिवाय पुढं जाणं जिवावर येतं. बाहेर लख्ख ऊन, आत काळ्या दगडाचा अंधार. झूम लेन्सचं एफ ४ तिथं लंगडं पडलं आणि ५० ने हात दिला. आयएसओ ३२०० केला, खांबाला टेकून श्वास रोखला, काम झालं. गाभाऱ्याजवळ फ्लॅश मारणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही. याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. मुंबईची गाडी आता इथून सुसाट जाते, पण नेरला जायला एसटी आणि तिचे थांबे हेच खरे.

नेरला नेर परसोपंत असंही म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच वसलेलं. स्टँडवर उतरलं की चहा, भजी, कृषी केंद्रांच्या पाट्या, आणि मधूनमधून फोटो स्टुडिओ. स्टुडिओवर नवरा-नवरीचा भला मोठा फ्लेक्स आणि खाली पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, झेरॉक्स.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेतात गेलो. कडाक्याची थंडी होती. थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून जादाची बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची. आणि शेतातून परतल्यावर कॅमेरा लगेच गरम खोलीत उघडायचा नाही. बॅग तशीच बंद ठेवून अर्धा तास थांबावं, नाहीतर काचेवर दहिवर धरतं.

वेचणीला सुरुवात करताना या भागात सीतादही करतात, शेतात दही-भात ठेवून पूजा होते. ती होऊन काही आठवडे लोटले होते. आता नुसतं काम चाललं होतं. बाया ओळीने सऱ्यांमधून पुढं सरकत होत्या, कमरेला फडक्याची झोळी. बोंड फुटल्यावर त्याच्या सुकलेल्या कडा टोकदार होतात, कापूस उपसताना बोटाला टोचतात. एकीने तर्जनीला चिंधी गुंडाळली होती. मला हवा होता तो फोटो त्या चिंधीचा.

इथं कॅमेरा फसवतो. त्याचं मीटर दिसेल त्याला मधला करडा रंग समजतं. चौकटभर कापूस असला तर ते उजेड कमी करतं आणि पांढरं सोनं मळक्या चादरीसारखं येतं. चौकटभर काळी माती असली तर उलटं, मातीच फिकी पडते. म्हणून कापूस जवळून घेताना एक ते दीड स्टॉप वर, माती जास्त दिसत असली तर एक स्टॉप खाली. दोन्ही एकाच चौकटीत आले तर कापसाकडे बघायचं. जळालेला पांढरा भाग कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, अंधारातली माती मात्र रॉ फाइलमधून बरीचशी वर काढता येते. मागच्या पडद्यावरच्या चित्रावर उन्हात विश्वास ठेवू नये. हिस्टोग्राम उघडावा आणि तो उजव्या भिंतीला चिकटला नाही ना, एवढं बघावं. साडेदहानंतर ऊन डोक्यावर आलं, चेहऱ्यांवर पदराची काळी सावली पडू लागली, तेव्हा कॅमेरा ठेवून मी बायांबरोबर भाकरी खाल्ली.

“कायले एवढे फोटो काढता जी?” एकीने विचारलं.

मासिकात छापायला, म्हटलं.

“मंग आमाले काय?”

प्रिंट काढून देतो, असं कबूल केलं. फोटोवाल्यांनी अशी वचनं आजवर किती दिली आणि किती पाळली याचा हिशेब कुणी मांडला तर आमच्या धंद्याला मान वर करायला जागा उरणार नाही. म्हणून संध्याकाळीच स्टँडजवळचा स्टुडिओ गाठला.

स्टुडिओवाला तिशीतला, लग्नसराईत रात्र-रात्र जागणारा. टेबलावर रंगीत ठिपक्यांची मेमरी कार्डं ओळीने मांडलेली. ठिपके बायकोच्या नेलपॉलिशचे होते. लाल म्हणजे हळद, हिरवा म्हणजे लग्न, पिवळा म्हणजे स्वागत समारंभ. भरलेलं कार्ड पाकिटात पाठ वर करून, रिकामं कार्ड तोंड वर करून. शहरात हजारो रुपये फी घेऊन वर्कशॉप चालवणारे लोक मी पाहिलेत. इतकी साधी आणि न चुकणारी पद्धत त्यातल्या कुणी शिकवलेली आठवत नाही.

“दोनशे छप्पनचं एकच घेतलं तर परवडते,” तो म्हणाला, “पण तेच गेलं तर अख्खं लगन गेलं ना भाऊ. नवरीचा बाप मले गावात राहू देईन का?”

म्हणून तो ६४ जीबीचीच कार्डं वापरतो. कॅमेऱ्याला दोन खाचा आहेत आणि दोन्हींत एकाच वेळी तोच फोटो उतरतो. आमच्याकडचे पुष्कळ लोक दुसरी खाच नुसती पहिली भरल्यावर वापरायला ठेवतात. लग्नासारखं पुन्हा न होणारं काम असेल तर हा शुद्ध वेडेपणा आहे.

कार्डावरच्या आकड्यांबद्दल त्याने मलाच प्रश्न विचारले. पुढं मोठ्या अक्षरात छापलेला १७० किंवा २०० हा आकडा वाचण्याच्या वेगाचा, म्हणजे संगणकावर उतरवतानाचा. कॅमेऱ्याला काम पडतं लिहिण्याच्या वेगाचं, आणि त्याची हमी देतो तो कोपऱ्यातला बारीक व्ही. व्ही ३० म्हणजे सेकंदाला कमीत कमी ३० मेगाबाइट, व्ही ६० म्हणजे ६०, व्ही ९० म्हणजे ९०. त्याचा कॅमेरा फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिटने लिहितो. बिटचे बाइट करायला आठाने भागायचं, साडेबारा मेगाबाइट झाले. व्ही ३० त्याला पुरून उरतं. ६४ जीबीत सव्वा तासाच्या वर व्हिडिओ मावतो. व्ही ९० च्या कार्डाला लागणारे पैसे त्याने दुसऱ्या हार्ड डिस्कवर घालावेत, असं मी स्पष्ट सांगितलं. मागच्या बाजूला पितळी पट्ट्यांची दुसरी रांग असली की ते यूएचएस-२ जातीचं. कॅमेऱ्यात त्या रांगेची सोय नसेल तर ते जुन्याच वेगाने चालतं, पैसे मात्र नव्या वेगाचे जातात.

मग त्याने खणातून एक कार्ड काढलं. कुठल्याशा दुकानातून निम्म्या किमतीत घेतलेलं, वर १२८ लिहिलेलं. बारशाचे अर्धे फोटो उघडत नव्हते. बनावट कार्डाची हीच तऱ्हा: आत जागा थोडी असते, संगणकाला मात्र ते १२८ सांगतं, आणि खरी जागा भरल्यावर आलेला माल एक तर हरवतं किंवा जुन्यावरच लिहीत सुटतं. नवं कार्ड आलं की पहिल्याच दिवशी ते काठोकाठ भरून परत वाचून बघावं. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्सवर एफ-थ्री हे फुकट प्रोग्रॅम हेच काम करतात. तास-दोन तास मोडतात, मोडू द्यावेत.

फोटो चुकून पुसले गेले, तर त्या कार्डावर त्यानंतर एकही फोटो काढायचा नाही. कार्ड बाहेर काढायचं, त्याच्या बाजूची छोटी कळ लॉकवर सरकवायची आणि पुसलेल्या फाइली परत काढणारा फोटोरेक हा प्रोग्रॅम लावायचा. साध्या फॉरमॅटने बहुतेक वेळा फाइलींची यादीच जाते, फाइली जागेवर असतात. त्यांच्यावर नवं काही लिहिलं गेलं की मग देवही परत आणू शकत नाही. आणि फॉरमॅट नेहमी त्याच कॅमेऱ्यात करावं ज्यात कार्ड घालायचं आहे.

तो दोन डिस्कवर उतरवतो, एक स्टुडिओत, एक घरी. उतरवताना वीज गेली तर? इन्व्हर्टर आहे, पण तरी तो कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून बघतो, पहिला आणि शेवटचा फोटो उघडतो, आणि अल्बम ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत कार्ड पुसत नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, असा नियम पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी फोटोग्राफरने रूढ केला. नेरच्या या गड्याने तो कुठं वाचलेला नव्हता.

सॉफ्टवेअरवर आमचं जमेना. त्याचा व्हिडिओ एडियसवर, अल्बम फोटोशॉपवर. करिझ्मा अल्बमच्या १२ बाय ३६ इंची पानांचे तयार पीएसडी साचे घ्यायचे आणि त्यात फोटो बसवत जायचे. नावं श्रीलिपीत टाइप करून चिकटवायची. त्याला वाटत होतं, एवढ्या मोठ्या पानासाठी ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा हवा. कागद घेतला आणि मांडलं. अर्धं पान १२ बाय १८ इंच, इंचाला ३०० ठिपके धरले तरी ३,६०० गुणिले ५,४००, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. त्याचा २४ चा कॅमेरा पुरेसा आहे. ४ बाय ६ च्या प्रिंटला तर सव्वादोनदेखील लागत नाहीत.

लाइटरूमचं मासिक भाडं परवडत नसेल तर रॉ फाइलींसाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी आहेत, दोन्ही फुकट आणि दोन्ही भक्कम. शिकायला जड जातात, हे खरं. पण चोरीचं सॉफ्टवेअर घालून त्यातून व्हायरस ओढवून घेण्यापेक्षा एक पावसाळा शिकण्यात घालवलेला बरा. तसाही पावसाळ्यात लग्नाचा हंगाम नसतो. संगणकात पैसे टाकायचे तर आधी एसएसडी आणि १६ जीबी रॅम, बाकी सगळं मागाहून.

खरा वाद झाला तो चेहऱ्यांवरून. माझे फोटो त्याने प्रिंटसाठी उघडले आणि सवयीने एक बटण दाबलं. वेचणाऱ्या बाया क्षणात गोऱ्या झाल्या. गालावरच्या सुरकुत्या गेल्या, उन्हाने रापलेला रंग गेला, बोटाची चिंधीसुद्धा गुळगुळीत झाली. मी म्हटलं, नको, आहे तसं राहू दे.

“तुमी मासिकवाले. माह्याकडं नवरी काळी आली तं अल्बम परत येते भाऊ.”

त्याचं खोटं नव्हतं. गिऱ्हाईक मागतं ते तो विकतो. पण ती वेचणारी बाई दिवसभर उन्हात उभी होती, आणि त्या उन्हाचा पुरावा आपण पुसून टाकायचा हे मला पटत नाही, लग्नाच्या अल्बममध्येही नाही. शेवटी त्याने रंग तसेच ठेवले, एसआरजीबीत जेपीजी केलं आणि छोट्या प्रिंटरवर ४ बाय ६ काढून दिले. मासिकाला फाइली पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून जोडल्या; फोटो म्हणून टाकल्या असत्या तर त्याने त्या चेपून छापण्याच्या लायकीच्या ठेवल्या नसत्या.

मधल्या दुपारी दारव्ह्याला जाऊन आलो. दारव्हा मोतीबाग स्टेशन बघायचं होतं, यवतमाळ-मूर्तिजापूर ११३ किलोमीटरच्या अरुंद रुळांवरच्या शकुंतला नावाच्या रेल्वेगाडीचं. हा सगळा रूळ घातला तो याच कापसासाठी. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं. नंतर डिझेल आलं, पुढं गाडीच थांबली. तिथं २४-१०५ पुरली, कार्ड निम्मंही भरलं नाही. चालत्या गाडीला लागतात तितके फोटो थांबलेल्या गाडीला लागत नाहीत.

परतल्यावर प्रिंट घेऊन शेतात गेलो. बायांनी हात पदराला पुसले, प्रिंट एकमेकींत फिरवले, हसल्या. चिंधीवालीने स्वतःचा फोटो बराच वेळ निरखला आणि माझ्या हातात परत ठेवला.

“हा नको जी. याच्यात माहे डोये मिटले. दुसरा काढा.”

बोंडं वेचता वेचता ती तशीच वळून उभी राहिली. कापूस मागे, ऊन बाजूने. मी एक स्टॉप वर घेतला.