रक्तात असणे

‘अमुक गोष्ट आमच्या रक्तातच आहे’ असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि अण्णांविषयी बोलताना हा वाक्प्रचार आम्हीही सढळपणे वापरत आलो. अध्यापन त्यांच्या रक्तातच होते. ४० वर्षे संस्कृत शिकवलेले अण्णा एके दिवशी जेवून उठले आणि घटकाभराने ‘आज जेवायचं नाही का?’ असे विचारू लागले.

डॉक्टरांनी प्रथम लिहून दिल्या त्या साध्या रक्तचाचण्या : ब-१२ जीवनसत्त्व, थायरॉईड, साखर. यांतील बिघाडानेही स्मरण ढासळू शकते, आणि तो बिघाड वेळीच सापडला तर औषधाने बराचसा सुधारतो. अहवाल हाती येईपर्यंत आम्ही मनोमन काय मागत होतो, ते सांगायला संकोच वाटतो. आम्ही कमतरता मागत होतो. पण ब-१२ पुरेसे निघाले, थायरॉईडही ठीक. लॅबमधल्या मुलीने ‘सगळं नॉर्मल आहे, काका’ असे हसून सांगत पाकीट पुढे केले. इतकी उदास करणारी शुभवार्ता आम्ही पूर्वी ऐकली नव्हती.

१९०६ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी या विकाराचे प्रथम वर्णन केले, ते एका मृत रुग्णेच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. पुढे कित्येक दशके निदानाची खात्री मरणोत्तरच होत असे. आता पी-टाऊ २१७ आणि बीटा-अ‍ॅमिलॉइड या प्रथिनांचे रक्तातील गुणोत्तर मोजता येते; अशा पहिल्या चाचणीला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये मान्यता दिली. ती ५५ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या, लक्षणे दिसू लागलेल्या व्यक्तींसाठी आहे. निरोगी माणसाचे भविष्य वर्तवण्यासाठी नव्हे. तथापि मेंदूतील बदल लक्षणांच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतात. तेव्हा रक्ताची कुंडली मांडण्याचा मोह फार दूर नाही.

येथवर सर्वत्र ‘आम्ही’ लिहिले खरे, पण अण्णांशी रक्ताचे नाते आमच्यापैकी एकाचेच आहे. वर्गात एखाद्या कवीचे नाव ओठांवर येऊन अडले, की घाम त्यालाच फुटतो. आणि त्यालाच ही चाचणी कधीही नको आहे. दुसरीला मात्र जाणून घ्यायचे आहे. पुढची शुश्रूषा कोणाच्या वाट्याला येणार, हे तिला ठाऊक आहे. विषय निघाला, की आमच्यापैकी कोणीतरी अण्णांच्या गोळीची वेळ झाली म्हणून उठते.