मापाचं वल्हं : कर्लीच्या खाडीतली सफर

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागकडे निघालं की जमीन हळूहळू अरुंद होत जाते. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदीची खाडी आणि मधे माडांची एक लांबलचक पट्टी. काही ठिकाणी तर समुद्राची गाज ऐकत ऐकत खाडीचं संथ पाणी पाहता येतं. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. बहुतेक पर्यटक इंजिनच्या बोटीत बसून संगम पाहतात आणि परततात. आम्ही दोन घरची मिळून नऊ माणसं मात्र खाडीसाठी गेलो होतो. तिथे फळीवर उभं राहून वल्हवायचं होतं.

या खेळाला स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणतात. दहा-साडेदहा फूट लांबीची रुंद फळी, तिच्यावर उभा माणूस आणि त्याच्या हातात एकाच बाजूला पातं असलेलं उंच वल्हं. आजच्या रूपातला हा खेळ हवाई बेटांवरून जगभर गेला. आपल्या किनाऱ्याला ही कल्पना फारशी परकी वाटू नये. उथळ पाण्यात होडीत उभं राहून बांबूने ती ढकलणारे लोक कोकणातल्या कुठल्याही खाडीवर दिसतात. या खेळात इंजिन नाही, धूर नाही, गोंगाट नाही. उभं राहायला भीती वाटली तर गुडघ्यांवर बसूनही फळी चालवता येते. म्हणून घरातल्या सगळ्यांना सोबत घेऊन करण्यासारखा हा खेळ आहे.

सगळ्यांचं लक्ष फळीकडे असतं, पण निम्मा खेळ वल्ह्यात असतो. हे आमच्या फुपूंच्या बाबतीत नीट दिसलं. फुपूंची उंची चार फूट दहा इंच. फळ्या भाड्याने देणाऱ्या मुलाने सगळ्यांच्या हातात एकाच लांबीची वल्ही दिली होती. फुपूंना ते पाण्यातून वर काढण्यासाठी दरवेळी हात डोक्याच्या वर न्यावा लागे. पंधरा मिनिटांत खांदे भरून आले आणि त्या काठावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "हे आपल्यासारख्यांचं काम नाही. तुम्ही पोरं जा, मी इथेच बरी."

आमच्यातल्या एका मुलीने त्यांचं वल्हं त्यांच्याशेजारी उभं धरलं. मूठ डोक्याच्या दीड-दोन फूट वर जात होती. ती म्हणाली, "फुपू, तुमचं काही चुकत नाही. हे दादाच्या मापाचं आहे." दांड्यावरची पकड सैल करून तिने वल्हं सगळ्यात खालच्या खुणेपर्यंत आत सरकवलं. पुढचा पाऊण तास फुपू पाण्यावर होत्या. बहुतेक वेळ गुडघ्यांवर, शेवटी थोडा वेळ उभ्या.

माप घेण्याची रीत सोपी आहे. वल्हं जमिनीवर उभं करा आणि हात सरळ वर न्या. वरची मूठ मनगटाच्या आसपास आली पाहिजे. आकड्यात सांगायचं तर शांत पाण्यासाठी आपल्या उंचीपेक्षा आठ ते दहा इंच जास्त. लांबी कमी-जास्त करता येणारी वल्ही साधारण १७० ते २१५ सेंटिमीटरपर्यंत मिळतात. ठेंगण्या बाईला सर्वांत खालची खूण लागते, पावणेसहा फुटी माणसाला दोनशेच्या आसपासची. मुलांसाठी वेगळं लहान वल्हंच हवं. मोठ्यांचं वल्हं कितीही आत सरकवलं तरी त्यांना लांबच पडतं.

दुसरी गोष्ट पात्याची. रुंद पातं एका फटक्यात जास्त पाणी ढकलतं, पण तेवढाच भार खांद्यावर येतो. सडपातळ माणसाने, बायकांनी आणि वयस्करांनी लहान पातं घ्यावं. तिसरी गोष्ट वजनाची. अॅल्युमिनियमचं वल्हं स्वस्त असतं, पण जड. फायबरग्लासचं त्याहून हलकं, कार्बनचं सर्वांत हलकं आणि महाग. तासाभरात वल्हं शेकडो वेळा उचलावं लागतं, म्हणून थोड्या वजनाचाही फरक संध्याकाळी खांद्यांना कळतो.

आता धरायचं कसं? एक हात वरच्या मुठीवर, दुसरा दांड्याच्या मध्यावर. अंतर ठरवण्यासाठी वल्हं डोक्यावर आडवं धरा. दोन्ही कोपरं काटकोनात आली की ते अंतर बरोबर. पातं दांड्याशी किंचित वाकलेलं असतं. तो बाक पुढच्या दिशेला, फळीच्या नाकाकडे हवा. पाहिलं की उलटं वाटतं, म्हणून नवखी माणसं हमखास फिरवून धरतात. पातं पुढे टाकून पूर्ण बुडवा, मग पाणी मागे ओढण्याऐवजी स्वतःला पात्यापर्यंत ओढून न्या आणि घोट्याजवळ आलं की बाहेर काढा. जोर दंडांचा नको, कमरेचा आणि पाठीचा हवा. दांडा जितका उभा, तितकी फळी सरळ जाते. चार-पाच फटक्यांनंतर बाजू बदला. पडलात तर आधी फळी पकडा, मग वल्ह्याकडे पाहा. तरंगत ठेवणारी वस्तू फळी आहे.

लाइफ जॅकेट मात्र सगळ्यांना, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. पट्टे आवळल्यावर खांद्याजवळ धरून वर ओढून पाहा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे. कपड्यांबाबत घरातल्या बायकांना संकोच वाटायचं कारण नाही. अंगभर झाकणारा, लवकर वाळणारा पोहण्याचा पोशाख आणि डोक्याला घट्ट बसणारा स्कार्फ पुरतो. सुती सलवार-कमीज पाणी पिऊन जड होते आणि ओढणी वल्ह्यात अडकते, म्हणून ती दोन्ही टाळावीत. धरण्याची रीत आधी काठावरच्या वाळूवर शिकून घेतली तर पाण्यात कोणी जवळ येऊन हात धरून शिकवायची गरज उरत नाही.

दिवस निवडताना आपल्या घरच्या कॅलेंडरचा मोठा उपयोग होतो. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि आपले महिनेही. चांदच्या पहिल्या-दुसऱ्या आणि पंधराव्या-सोळाव्या तारखेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा खाडीला ओढ जास्त. आठ-नऊ आणि बावीस-तेवीस तारखेच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. नवख्यांनी हेच दिवस धरावेत. तरीही त्या दिवसाची वेळ स्थानिक होडीवाल्याला विचारावीच. ओहोटी लागलेली असेल तर आधी नदीच्या वरच्या अंगाला जावं, म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणून सोडतं. संगमाकडे फळी नेऊ नये. समुद्राच्या बाजूलाही सकाळचा मतलई वारा फसवतो. पाणी शांत दिसतं, पण वारा जमिनीवरून समुद्राकडे ढकलत असतो. दुपारी खारा वारा सुटला की खाडीतही फळी सांभाळणं कठीण होतं. म्हणून फज्रची नमाज, चहा आणि लगेच पाणी, हा क्रम सर्वांत चांगला. पावसाळ्यात हा बेत करूच नये.

जेवणाची अडचण आली नाही. सुरमई, बांगडा, सोलकढी आणि भात असताना मटणाची चौकशी करायची गरजच पडली नाही. जोहरसाठी माडांच्या सावलीत जागा होती, वुजूला खाडीचं पाणी.

मुलांना पोहणं शिकवण्याचा आग्रह हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने आपल्याकडे नेहमी सांगितला जातो. पण खाडीकाठच्या आपल्या कितीतरी गावांत मुलगे पाण्यात वाढतात आणि मुली काठावर. पुढे त्याच मुली आई होतात आणि पाण्याची भीती मुलांना देतात. ती भीती पुष्कळदा पाण्याची नसतेच. दुसऱ्याच्या मापाची वस्तू हातात देऊन "तुला जमत नाही" असं सांगितलेलं असतं.

फळी महाग असते, ती भाड्याने घ्यावी. वल्हं मात्र घरचं असावं. तीन तुकड्यांत सुटणारं वल्हं पिशवीत मावतं आणि घरातल्या सगळ्या मोठ्यांना खुणा सरकवून वापरता येतं. पाण्यात उतरण्यापूर्वी खटका नीट बसला आहे का पाहावं. परत आल्यावर तुकडे सुटे करून गोड्या पाण्याने धुवावेत, नाहीतर मीठ आणि वाळूने ते एकमेकांत अडकून बसतात. आणि घरातल्या प्रत्येकाची खूण दांड्यावर रंगीत टेपने करून ठेवावी. आमच्या वल्ह्यावर सर्वांत खालची हिरवी पट्टी फुपूंची आहे.