कोनाचा गा तू?

आमच्या पोंभुर्ण्यात अनोळखी पोरगा दिसला की म्हातारी माणसं नाव विचारत नाहीत. विचारतात, “कोनाचा गा तू?” बापाचं नाव सांगितलं की आजोबाचं विचारतात. आजोबा ओळखीचा निघाला की मगच, “बस, च्या घे.” लहानपणी या प्रश्नाचा मला भयंकर राग यायचा.

३० सप्टेंबर २०२१. लॉकडाऊनपासून मी घरूनच काम करत होतो. मी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम एका संस्थेच्या जुन्या लिनक्स मशीनवरून रोज रात्री शेतकऱ्यांची यादी सर्व्हरला पाठवायचा. नावं, गावं, बँक खात्यांचे नंबर. त्या रात्री यादी गेलीच नाही. एरर एवढाच : सर्टिफिकेटची मुदत संपली.

संस्थेतून फोनवर फोन. मोबाइलची रेंज फक्त छतावर, म्हणून लॅपटॉप घेऊन वर बसलेलो. शेवटी मी सोपं केलं. यादी पाठवणाऱ्या ‘कर्ल’च्या आदेशात ‘के’ हे एक अक्षर जोडलं. त्याचा अर्थ, समोरच्याची ओळख तपासू नकोस. यादी गेली. सगळे खूश.

खाली आलो तर बाबा आईला सांगत होते, “बँकेतून बोलतो म्हने. मी त्याले म्हटलं, आपल्या मॅनेजरचं नाव सांग. तं ठेवला फोन.”

मी जेवलो, पण झोप लागेना. त्या यादीत बाबांचंही खातं होतं. ‘के’ लावल्यावरही मजकूर कुलूपबंदच जातो, हे खरं. पण किल्ली कोणाच्या हातात दिली, हेच आपल्याला माहीत नसतं. मधेच कोणी ‘मीच सर्व्हर’ म्हणत उभा राहिला, तर त्यालाही यादी मिळते.

पुन्हा छतावर गेलो. ओपनएसएसएलचा ‘एस-क्लायंट’ चालवला. तो सर्व्हरशी जोडणी करतो आणि सर्व्हरने दाखवलेली सगळी सर्टिफिकेटं आपल्यासमोर मांडतो. उत्तर आलं, कोड १० : मुदत संपली. पण सर्व्हरच्या सर्टिफिकेटच्या तारखा पाहिल्या तर ते ठणठणीत होतं. मग मेलं कोण?

सर्टिफिकेटचंही आमच्या गावासारखंच असतं. त्यावर वरच्याची सही, त्याच्यावर आणखी वरच्याची. या सर्व्हरचं सर्टिफिकेट ‘लेट्स एन्क्रिप्ट’चं होतं. ही संस्था नवी होती तेव्हा जुनी यंत्रं तिला ओळखत नव्हती, म्हणून तिने एका जुन्या मूळ सर्टिफिकेटची सही घेतली होती. ते ‘डीएसटी रूट सीए एक्स३’, जन्म ३० सप्टेंबर २०००. त्याची मुदत त्याच संध्याकाळी, आपल्या घड्याळात ७ वाजून ३१ मिनिटांनी संपली होती. आजोबा गेला होता.

लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं मूळ सर्टिफिकेट त्या मशीनमध्ये होतंच. पण मशीनवरचं ओपनएसएसएल १.०.२ जुन्या वळणाचं. सर्व्हरने दाखवलेल्या वाटेने ते थेट गेलेल्या आजोबापर्यंत जायचं आणि तिथेच अडायचं. १.१.० पासूनची आवृत्ती आधी आपल्या ओळखीचं कोणी सापडतं का ते पाहते. म्हणजे सर्व्हरकडे काही बिघडलंच नव्हतं, इलाज आपल्याच मशीनवर करायचा होता. विश्वासाच्या यादीतून ते जुनं सर्टिफिकेट बाद केलं. पुन्हा एस-क्लायंट. कोड ०, ओके.

‘के’ खोडला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. सगळं मिळून दोन तासांचं काम. तेच आधी केलं असतं तर?

सकाळी संस्थेला मेल लिहिला. काल एक यादी ओळख न तपासता गेली आहे, ती बहुतेक योग्य ठिकाणीच पोचली असेल. ‘बहुतेक’ हा शब्द मी तीनदा खोडला आणि तीनदा परत लिहिला. त्याहून पक्कं काही माझ्या हातात नव्हतं.

बाबांना यातलं काही सांगितलं नाही. फोनवर दोन शब्दांत त्यांनी जे विचारलं, ते मी विचारलं नव्हतं.